स्वस्त सरंजाम : फासेपारध्यांची शिकारीची साधने

सरकगाठीचा वेढा, तो जमिनीला धरून ठेवणारी खुंटी आणि असे अनेक वेढे एका ओळीत बांधणारी लांब दोरी, एवढ्या साहित्यावर फासेपारध्यांनी महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या शिकार केली. वाळूजपासून गोदावरीकाठच्या कायगाव टोक्यापर्यंतचा गंगापूर तालुका, पलीकडचा नेवासे-शेवगावचा भाग, वायव्येला वैजापूर आणि खाली पैठण हा सगळा मुरमाड माळांचा आणि कोरडवाहू शेतीचा मुलूख. घनदाट जंगल इथे नव्हते. काळवीट, चिंकारा, ससा, तित्तर, लावा ही उघड्या माळावर राहणारी, दुरून माणूस दिसताच निघून जाणारी जनावरे आणि पाखरे हीच इथली शिकार. मचाण बांधायला झाड नाही, दबा धरायला झुडूप नाही, आणि चारी बाजू मोकळ्या असल्यावर हाका घालूनही फारसे काही हाती लागत नाही. अशा जागी कोणते साधन परवडते आणि कोणते खरोखर उपयोगी पडते, याचे उत्तर पारध्यांनी फार पूर्वी शोधले होते.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील 1916 च्या ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखा त्यांच्या साधनांवरून आणि धंद्यांवरून ओळखता येतात. बंदूक वापरणारे शिकारी पारधी, फासे लावणारे फासेपारधी, चित्ता पाळणारे चित्तेवाले, जात्याला टाकी लावून देणारे टाकणकर. एकाच समाजात साधन बदलले की पोटजात बदलते, यावरून त्या साधनाचे जगण्यातले वजन कळते.

हरणाच्या फाशाला मजबूत वेढा लागे. तो तातीचा, म्हणजे जनावराच्या कंडरा वाळवून, चिरून आणि पिळून केलेला असे. तात चिवट असते, तिच्यावर सरकगाठ सहज धावते, आणि ती आधीच्याच शिकारीतून मिळत असल्याने विकत घ्यावी लागत नाही. एका लांब दोरीवर ठरावीक अंतराने असे वेढे बांधत, दोरी खुंट्यांनी जमिनीलगत ताणत आणि प्रत्येक वेढा काडीच्या आधाराने उभा ठेवत. वाळलेल्या गवतात हा सगळा पसारा चार पावलांवरूनही नजरेत भरत नाही. कळप सावकाश चरत पुढे सरकला की एखाद्याचा पाय वेढ्यात पडतो, झटका बसताच गाठ आवळते, आणि खुंटी खोल असल्यामुळे जनावर जागच्या जागी अडकते.

कळपाला त्या ओळीकडे नेणे हे खरे कसब. त्यासाठी पारधी शिकवलेला बैल किंवा गाय वापरीत. माळावर चरणाऱ्या गुराला हरणे बुजत नाहीत. पारधी गुराच्या आडोशाने, त्याच्याच चालीने, थांबत थांबत पुढे जाई आणि कळपाला न पळवता हळूहळू हव्या त्या बाजूला वळवी. घाई केली की डाव फसला. या सरंजामात सर्वांत मोलाचा घटक हा बैलच होता. दोरी आणि खुंट्या चार दिवसांत नव्या करता येत, पण असा बैल तयार व्हायला फार काळ जाई. तरीही त्याचा खर्च जड नव्हता. तो माळावरचे गवत खाई, मुक्काम हलवताना बिऱ्हाडाचे ओझे वाही, आणि शिकारीच्या वेळी चालता आडोसा होई. एका वस्तूने तीन कामे करावीत, हा हलक्या सामानाचा पहिला नियम इथे कोणी न सांगता पाळला जात होता.

पाखरांसाठी साहित्य आणखी हलके. बांबूच्या बारीक काड्यांवर घोड्याच्या केसांचे वेढे बसवून त्यांची घडी करता येईल अशी माळ केलेली असे. ती झोळीत मावे. सोबत पिंजऱ्यात पाळलेला तित्तर असे. पहाटे त्याला फाशांच्या मधोमध ठेवले की तो आरवू लागतो, आणि आपल्या हद्दीत परका नर आला असे समजून रानातला तित्तर भांडायला धावत येतो. काळविटासाठीही हीच युक्ती वापरली जाई. पाळीव काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला कळपात सोडत. रानातल्या नराने शिंगाला शिंग भिडवले की दोघे गुंतून पडत. मुघल दरबारातही हा प्रकार होता. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त पाळीव हरणाकडून रानटी हरीण पकडवण्याचे वर्णन आहे.

फाशाचा एक गुण बंदुकीत नाही. त्यात सापडलेले जनावर जिवंत असते, म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे पकडल्यानंतरही ठरवता येते. गाभण मादी आणि पाडस फाशात आले तर सोडून देण्याची रीत फासेपारध्यांत होती, अशी नोंद माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांच्या अभ्यासात आहे. पाखरे जिवंत राहिल्यामुळे ती बाजारात विकून धान्यही मिळे.

मल्होत्रा, खोमणे आणि गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींवर 1983 मध्ये लिहिलेला लेख या विषयात फार मोलाचा आहे. एकाच मुलखात फिरणाऱ्या या तीन समाजांनी शिकार आणि साधने जणू वाटून घेतली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर अशी लहान मांसाहारी जनावरे पकडत. फासेपारध्यांकडे काळवीट आणि पाखरे. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या शिकारीपुरतेच सामान बाळगावे लागे, आणि ते वापरण्याचे ज्ञानही त्याच घरात मुरत जाई. सगळ्या जनावरांसाठी सगळी हत्यारे जमवण्याची वेळ कोणावरच येत नसे.

याच मुलखात दुसरी, खर्चिक शिकारही चालू होती. मद्रासच्या फौजेतला कॅप्टन जॉन स्मिथ 28 एप्रिल 1819 रोजी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या घाटात उतरला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहावा निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द 1869 ते 1911) वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. अशा शिकारीला तंबू, हत्ती, गाड्या, हाकाऱ्यांची फौज, विलायती रायफली आणि त्यांची काडतुसे लागत. चित्त्याची शिकार तर त्याहून महाग. चित्त्याला डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून बैलगाडीतून कळपाजवळ नेत आणि टोपी काढून सोडत. आपल्या बापाने हजार चित्ते बाळगले होते, असे जहांगीराने लिहिले आहे. हे चित्ते रानातूनच पकडावे लागत, कारण पाळीव अवस्थेत त्यांची वीण जवळजवळ होतच नसे. त्यांना पकडण्यासाठी, ते नेहमी येतात त्या झाडाभोवती, तातीचेच फासे लावले जात. बादशाही थाटाच्या मुळाशी हेच फुकटातले साधन होते. पुढे हिंदुस्थानातले चित्ते इतके घटले की कोल्हापूरसारख्या संस्थानाला ते आफ्रिकेतून आणावे लागले. भारतातील शेवटचे तीन चित्ते 1947 मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने मारले असे मानले जाते, आणि 1952 मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

या दोन टोकांच्या मधे गावातली ठासणीची बंदूक होती. पाटील-जमीनदाराच्या घरी ती पिकाच्या राखणीसाठी असे. नळीत वरून दारू आणि छर्रे ठासायचे, त्यामुळे महाग काडतूस लागत नसे. पण दारू, शिसे आणि परवाना यांचा खर्च चुकत नव्हता, एका बारानंतर पुन्हा भरायला वेळ जाई, आणि पावसाळ्यात दारू दमट झाली की बंदूक निकामी. ब्रिटिश मुलखात 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट घट्ट झाल्यावर गरिबाच्या हाती बंदूक राहणे अवघड झाले. फाशाला परवाना लागत नसे.

पण फासे बाळगणाऱ्या माणसावर सरकारची वेगळीच नजर होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी भटक्या समाजांच्या फिरण्यावर बंधने आली. हजेरी द्यावी लागे, मुक्काम हलवण्याआधी कळवावे लागे. ज्या शिकारीचा सारा आधार कळपामागे हिंडण्यावर होता, तिचे कंबरडे इथेच मोडले. हा अन्याय होता, आणि त्याची झळ पुढच्या पिढ्यांनाही बसली. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. त्या दिवसापासून हे समाज ‘विमुक्त’ म्हटले गेले, पण संशय लगेच पुसला गेला नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत फासे आणि सापळे लावणेही आणले, आणि काळवीट, चिंकारा, माळढोक यांना सर्वांत कडक संरक्षण दिले. परवान्याने काही शिकार चालू होती, तीही 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. हे कायदे आवश्यक होते. माळ नांगरला जात होता, कळप तुटक होत होते, आणि तातीच्या जागी आलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने फासा आणखी स्वस्त आणि न कुजणारा झाला होता. तातीचा वेढा पावसात मऊ पडे, काही काळाने टाकावाच लागे. नायलॉनला ती मर्यादा उरली नाही. ज्यांच्याकडे जुनी रीत नव्हती त्यांच्याही हाती तो गेला.

वाळूजचा माळ तोवर दुसऱ्याच वाटेने चालला होता. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले आणि गोदावरीकाठची मोठी जमीन पाण्याखाली गेली. 1980 च्या दशकात वाळूजला औद्योगिक वसाहत उभी राहिली. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्यामागून आलेल्या कारखान्यांनी, चाळींनी आणि रस्त्यांनी गावालगतचा उघडा पट्टा व्यापला. वैजापूरकडे मात्र काळविटांचे कळप अजून शेतांत दिसतात.

वाशिम आणि अकोला जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेच्या कामातून फासेपारधी वस्त्यांनी गावचे गवताळ माळ राखायला घेतले आहेत. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी कोणत्या गवतात उतरतो, तित्तर कुठे अंडी घालतो, हे ज्यांना फाशाच्या निमित्ताने माहीत होते, तीच माणसे आता त्या जागा चराईपासून आणि वणव्यापासून सांभाळतात.