वाळ्याची ताटी ते कूलर

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की उन्हाचा चटका वाढतो. इकडे धामणगाव बढेसारख्या गावांत मे महिन्यात पत्र्याच्या कूलरवाचून दुपार निघत नाही. तरी एसी म्हणजे थोरला आणि कूलर म्हणजे परवडत नाही म्हणून घेतलेला, असंच सर्रास समजलं जातं. वंशावळ पाहिली तर थोरपण कूलरकडे जातं.

एसीचा जन्म 1902 चा. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा नि आकसायचा, छपाईचे रंग एकमेकांवर बसत नसत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढून घेणारी यंत्रणा आखली. वऱ्हाडातली मे महिन्याची हवा मुळातच कोरडी ठणठणीत. तिच्यातून काढणार काय?

वाळा याहून कितीतरी जुना. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वाळ्याची नोंद केली आहे. उन्हाळ्यात त्याच्या मुळांचे पडदे दारापुढे लावायचे, त्यांवर पाणी शिंपडायचं, की आत येणारी हवा गार नि सुवासिक होते. अडचण एकच, वारा पडला की ताटी निकामी. 1830 च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बंगल्यांत यावर तोडगा निघाला. धान्य उफणायच्या यंत्रासारखा हाताने फिरवायचा पंखा खिडकीत बसवला आणि त्याला ओल्या ताट्यांनी वेढलं. त्याला ‘थर्मँटिडोट’ असं भारदस्त नाव पडलं, पण तो फिरवायला घामाघूम होणारा माणूस लागे. उफणणीचा वारा खोलीत आणण्याची ही कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात विजेचा पंखा, पंप आणि लाकडाच्या बारीक तासांच्या गाद्या आल्या, आणि आजचा कूलर उभा राहिला. आपल्याकडे त्या गादीला आजही ताटीच म्हणतात.

एक लिटर पाणी वाफ होताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. बाहेर 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ओल्या ताटीतून हवा 27-28 अंशांवर उतरते. कूलरला साधारण 200 वॅट लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये पाच तास. दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना तेच युनिट चाळीसेक मिनिटांत संपतं. मात्र कूलर पाणी पितो, आणि टंचाईच्या गावात हा हिशेब मांडलाच पाहिजे.

म्हणूनच बिघडलेली ताटी जिवाला लागते. बोअरच्या जड पाण्याचे क्षार वरच्या पन्हाळीच्या भोकांत साचतात, भोकं बुजतात आणि ताटीवर वरपासून खालपर्यंत कोरडा पट्टा पडतो. कोरड्या जागेतून वारा सहज जातो, त्यामुळे बाहेरची झळ तिथूनच आत येते. पंखा नि पंप तेवढीच वीज खातात, खोली मात्र गार होत नाही. प्लग काढून खिळ्याने भोकं मोकळी केली की काम झालं. दुसरी चूक खिडक्या बंद ठेवण्याची. एसीला दारं बंद लागतात, पण कूलरची ओली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी; नाहीतर तासाभरात घर दमट होतं.

मृग लागला, हवेत ओल आली की कूलर हरतो. 35 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत तो जेमतेम चार अंश उतरवतो आणि अंग चिकट करतो. ज्या घरात दोन्ही यंत्रं आहेत, तिथे एसीची पाळी इथून सुरू व्हावी. 2020 पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसीत सुरुवातीचं तापमान 24 अंश असतं. ते आणखी एक अंश वर नेलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. सोबत छताचा पंखा चालू असेल तर 26 अंशांतही झोप लागते.