प्राचीन कल्याण बंदर आणि सागरी मालवाहतुकीचे करार

टिटवाळ्यावरून वाहणारी काळू नदी उल्हास नदीस मिळते. याच उल्हासकाठी प्राचीन कल्याण बंदर होते. नाणेघाटाने उतरणारा देशावरील माल तेथे येई. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की, थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण ही अधिकृत बाजारपेठ होती. सांदनेसच्या ताब्यात गेल्यावर मात्र तेथील व्यापारास अटकाव झाला व तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. दुसऱ्या शतकातील मुझिरिस पपायरसवरील कर्जकरारात माल तारण असून तो तांबड्या समुद्रावरून अलेक्झांड्रियास सुरक्षित पोचविण्याची जबाबदारी ऋणकोवर आहे. परंतु असा करार धनको व ऋणको यांनाच बांधी. बंदराच्या स्वामीस नव्हे. तात्पर्य, सागरी व्यापारात वादळाइतकीच जोखीम राजसत्तेच्या पालटाची होती.