रेणूंचा एक थर आणि उद्याची चिप

नवा रायपूर येथे एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री विष्णु देव साय यांच्या हस्ते छत्तीसगडमधील पहिल्या अर्धवाहक प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पॉलिमाटेक कंपनीचा हा प्रकल्प गॅलियम नायट्राइडवर आधारित आहे. प्रयोगशाळांमध्ये मात्र त्याहून वेगळ्या, अवघ्या काही अणूंच्या जाडीच्या ‘द्विमितीय’ अर्धवाहकांवर संशोधन सुरू आहे.

मोलिब्डेनम डायसल्फाइड हा त्यांतील प्रमुख पदार्थ होय. गंधकाच्या दोन थरांमध्ये मोलिब्डेनमचा एक थर, अशी त्याच्या पापुद्र्याची रचना असून जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०११ मध्ये अशा एकाच पापुद्र्यापासून बनविलेल्या ट्रान्झिस्टरची माहिती प्रसिद्ध केली.

सिलिकॉनची वाहकता बदलण्यासाठी त्यात फॉस्फरस किंवा बोरॉनचे अणू घातले जातात. इतक्या पातळ पापुद्र्यात हा उपाय आडदांड ठरतो. त्याने स्फटिकाची रचनाच बिघडू शकते. शिवाय या पापुद्र्याला आतला भाग असा जवळजवळ नाहीच, सगळा पृष्ठभागच. त्यामुळे वर-खाली काय आहे, यावर त्याचे वर्तन ठरते. दत्तात्रय लेट, विनायक द्रविड, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच दाखवून दिले. विद्युतदाब वाढविताना आणि कमी करताना मोजलेला प्रवाह जुळत नव्हता आणि हवेतील आर्द्रतेबरोबर ही तफावत वाढत होती. सिलिकॉन नायट्राइडचे आवरण दिल्यावर ती अत्यल्प राहिली. लेट यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन केले.

पृष्ठभागाची ही संवेदनशीलता उपयोगातही आणता येते. सिलेन वर्गातील रेणूंच्या द्रावणात सिलिकॉन ऑक्साइडचा तुकडा बुडविला असता रेणूंचे एक टोक त्याला घट्ट चिकटते आणि ते शेजारी-शेजारी आपोआप उभे राहतात. यालाच स्वयंरचित रेणुथर म्हणतात. त्यावर पापुद्रा ठेवल्यास रेणूंच्या मोकळ्या टोकाचा गुण महत्त्वाचा ठरतो. अमाइन गट पापुद्र्यातील इलेक्ट्रॉन वाढवितो, तर फ्लोरिनयुक्त शेपटी ते कमी करते. स्फटिकाला धक्का न लावता वाहकता बदलण्याची ही सोय आहे.

अडचण टिकाऊपणाची आहे. चिपनिर्मितीतील उष्णता सेंद्रिय रेणूंना सोसणे कठीण जाते आणि थरात पडलेली लहानशी फटही प्रवाहात दिसून येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ३० शास्त्रज्ञांच्या गटाने द्विमितीय पदार्थांपासून चिप विकसित करण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारला दिल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.