दाह आणि पाणी

बंगळूरहून कोलारकडे जाताना होसकोटे लागते. सतराव्या शतकात हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. पुढे २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्री, इंग्रजांच्या बाजूने उतरलेल्या मुरारराव घोरपडे यांच्या येथील छावणीवर हैदरअलीने छापा घातला. मुराररावांनी तो परतवून लावला. अशा लढायांच्या वर्णनांत तलवारीच्या घावांना मानाचे स्थान मिळते. परंतु दारूगोळ्याच्या त्या युगात माणसे भाजतही असत. १७८० मध्ये कांचीजवळ पोलिलूर येथे इंग्रजांचे दारूचे गाडेच उडाले.

भाजलेल्यांवर उपचार कोणता करावा, याविषयी मात्र जगभर मतभेद होते. सुश्रुतसंहितेने दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार केले. खोलीवरून जखम ओळखण्याची ही दृष्टी आजही शास्त्रशुद्ध ठरते. पण त्याच ग्रंथाने प्लुष्टाला गार पाणी वर्ज्य करून शेक सांगितला. थंडीने रक्त गोठते, अशी समजूत होती. युरोपातही तीच गत. १७९७ मध्ये एडवर्ड केंटिश यांनी न्यूकॅसलच्या भाजलेल्या खाणकामगारांसाठी टर्पेंटाइनचा पुरस्कार केला. १७९९ मध्ये, ज्या वर्षी श्रीरंगपट्टण पडले त्याच वर्षी, लंडनचे शस्त्रवैद्य जेम्स अर्ल यांनी नेमका उलट, थंडाव्याचा पक्ष मांडला. तो सर्वमान्य होण्यास दीड शतकाहून अधिक काळ लोटला. मध्यंतरी, १९२५ पासून, टॅनिक आम्लाचा बोलबाला झाला. यकृताला अपाय होतो असे दिसल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेही मागे पडले. १९६० च्या सुमारास आइसलंडचे डॉक्टर ऑफेग्सन यांनी प्रयोगांनी पाण्याची बाजू भक्कम केली.

कारण साधे आहे. ज्वाळा विझली तरी त्वचेत शिरलेली उष्णता आत पोळतच राहते. म्हणून भाजलेल्या भागावर नळाचे गार पाणी वीस मिनिटे वाहू द्यावे. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. सूज चढण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या उतरवाव्यात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ कापडाने जखम सैलसर झाकावी. भाजलेला भाग मोठा असेल, तर बाकीचे शरीर उबदार ठेवावे. लहान मुले लवकर गारठतात. चेहरा, हात, सांधे किंवा गुह्यभाग भाजला असेल, जखम खोल असेल, अथवा वीज किंवा रसायन हे कारण असेल, तर रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये. वीज असल्यास आधी प्रवाह बंद करावा, मगच रुग्णाला हात लावावा.

तरीही स्वयंपाकघरात हात पोळला की शाई, दंतमंजन, तूप, हळद यांकडे धाव घेतली जाते. हे लेप उष्णता आत कोंडतात, जखमेची खोली झाकतात. डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागतात आणि त्याच्या वेदना रुग्ण सोसतो. होसकोट्याच्या गावालगत तेव्हाही मोठा तलाव होता आणि आज घरोघरी नळ आहेत. पाणी हाताशी होतेच. त्याचा गुण पटण्यास मात्र शतके लागली. तो इतिहास घरात पुन्हा घडू देण्याचे आता कारण उरलेले नाही.