रेसगाडीचा आवाज आणि सायलेन्सरचे गणित

मोटारींची शर्यत म्हटली की कानठळ्या बसवणारा आवाज आलाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आवाज जितका मोठा तितकी गाडी ताकदवान, असेही अनेकांना वाटते. सायलेन्सरची पुंगळी काढून रात्री-अपरात्री रस्त्यावरून फटफटत जाणाऱ्या वीरांचा तर हा सिद्धान्तच आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः आरेखन करून, वेल्डिंग करून जी लहानशी एका आसनाची रेसगाडी बनवतात, तिच्या बाबतीत मात्र नियम नेमका उलटा आहे. गाडीचा आवाज मर्यादेबाहेर गेला तर ती ट्रॅकवर उतरूच शकत नाही, मग तिची ताकद कितीही असो.

'फॉर्म्युला एसएई' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९९८ पासून ती 'फॉर्म्युला स्टुडंट' या नावाने भरू लागली आणि पुढे अनेक देशांत पसरली. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर झालेल्या 'फॉर्म्युला भारत' स्पर्धांत पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांचे संघ उतरत आले आहेत. शर्यतीपूर्वी गाडीची तांत्रिक तपासणी होते. गाडी ६० अंशांत कलती करून पाहतात, आवाज मोजतात, ब्रेक तपासतात. प्रत्येक टप्प्यानंतर गाडीवर एक स्टिकर लागतो. यांपैकी आवाजाचा स्टिकर मिळाला नाही, तर वर्षभर रात्री जागवून बांधलेली गाडी तंबूतच उभी राहते.

मोजणीची रीत ठरलेली आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, त्याच उंचीवर आणि ४५ अंशांच्या कोनात ध्वनिमापक धरतात. इंजिन संथ फिरत असताना १०३ आणि त्यावरील वेगांना ११० डेसिबल ही मर्यादा असते. चाचणीचा कमाल वेग सर्वांना सारखा नसतो. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.२५ मीटर होईल, इतके फेरे इंजिनाला द्यावे लागतात. पिस्टनची धाव ४२.५ मिलिमीटर असलेल्या ६०० सीसीच्या चार सिलिंडरी होंडा इंजिनाला त्यामुळे मिनिटाला सुमारे ११ हजार फेऱ्यांवर परीक्षा द्यावी लागते. भारतीय संघांत लोकप्रिय असलेल्या, ६० मिलिमीटर धावेच्या एका सिलिंडरच्या केटीएम इंजिनाला मात्र साडेसात हजार फेरे पुरतात.

वरवर पाहता लहान इंजिनाचे काम सोपे वाटेल. प्रत्यक्षात तेच अवघड आहे, आणि त्याचे कारण तरंगलांबीत दडलेले आहे. चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे चार सिलिंडरी इंजिन ११ हजार फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ३६७ धक्के देते, तर एकसिलिंडरी इंजिन साडेसात हजार फेऱ्यांवर जेमतेम ६२ ते ६३. पाचशे अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५५७ मीटर असतो. एखादा स्वर मारण्यासाठी बाजूला एका टोकाने बंद असलेली नळी जोडायची, तर ती त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव इतकी लांब हवी. चार सिलिंडरी इंजिनासाठी ही लांबी ३८ सेंटिमीटर येते. एका सिलिंडरसाठी ती सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. एक्झॉस्टचे तोंड मागच्या आसाच्या मध्यापासून ४५ सेंटिमीटरपलीकडे जाऊ नये आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये, असाही नियम आहे. एवढ्या जागेत सव्वादोन मीटरची नळी बसवणार कुठे?

दुसरा मार्ग प्रसरण-पेटीचा. चाळीस मिलिमीटर व्यासाची नळी १२० मिलिमीटर व्यासाच्या डब्यात उघडली की क्षेत्रफळ एकदम नऊपट होते, लाटेचा मोठा भाग उलट परततो आणि आवाज जास्तीत जास्त १३ डेसिबलने उतरतो. डबा ४० सेंटिमीटर लांबीचा असेल, तर ३६७ आवर्तनांच्या मूळ स्वराला हा लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो. पण त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ७३० आवर्तनांच्या स्वराला हा डबा जणू दिसतच नाही. तेथे घट दोन डेसिबलच्याही आत राहते. म्हणूनच जाणकार एका मोठ्या डब्याऐवजी लांबीने असमान असे दोन कप्पे करतात. एकाला जे निसटते, ते दुसऱ्याच्या हाती लागते. एकसिलिंडरी इंजिनाच्या खर्जाला तोच ४० सेंटिमीटरचा डबा फार तर चार डेसिबलने उतरवतो.

तिसरा आणि सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे भोके पाडलेली नळी आणि तिच्याभोवती ठासलेले ग्लासवूल. बाजारात मिळणारे मोटरसायकलचे शर्यती सायलेन्सर बहुधा याच जातीचे असतात. त्यातून वायू सरळ वाहतो, त्यामुळे इंजिनावर उलटा दाब फारसा येत नाही. उंच, कर्कश स्वर या लोकरीत छान जिरतात. खर्ज मात्र तिला दाद देत नाही. नळीचा निदान पाचवा हिस्सा भोकांनी व्यापलेला असावा, नाहीतर ध्वनी लोकरीपर्यंत पोचतच नाही. शिवाय ही लोकर झिजते. उष्णतेने ती ठिसूळ होते आणि वायूच्या झोताबरोबर उडून जाते. म्हणून नळीवर आधी पोलादी लोकरीचा थर गुंडाळून मग ग्लासवूल भरतात. दोन महिन्यांच्या सरावात वापरलेला सायलेन्सर नव्याने न भरता तपासणीला नेणे हा शुद्ध जुगार आहे.

येथे मोजपट्टीचाही प्रश्न येतो. आवाज मोजताना पूर्वी 'ए' भारांकन वापरत. मानवी कानाप्रमाणे ते खर्जाकडे काणाडोळा करते. ६३ आवर्तनांचा स्वर त्यात २६ डेसिबलने कमी भरतो. पुढे नियमांत 'सी' भारांकन आले. त्यात तोच स्वर एक डेसिबलही सवलत न मिळता पुरा मोजला जातो. परिणामी जुन्या पट्टीवर केवळ लोकरीच्या जोरावर उत्तीर्ण होणारी एकसिलिंडरी गाडी नव्या पट्टीवर अडकू लागली. आज अशा गाडीला पेटी आणि लोकर या दोहोंचा संकर करावाच लागतो.

ताकद घटेल ही भीती मात्र अवाजवी आहे. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला लागणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच अरुंद गळ्यातून घ्यावी लागते. त्यातून सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमपेक्षा अधिक हवा जाऊच शकत नाही. आत येणाऱ्या वायूवरच कुलूप असताना बाहेर जाण्यासाठी प्रचंड मोकळीक हवी, हा आग्रह फारसा टिकत नाही. सायलेन्सरला अधिक आकारमान देण्याची किंमत मुख्यतः वजनात आणि जागेत मोजावी लागते. म्हणूनच तो चौकटीचा आराखडा काढतानाच ठरवायला हवा. उरलेल्या बोळात डबा कोंबण्याची आपल्या कार्यशाळांतील रीत येथे महागात पडते.

आयत्या वेळी करता येण्याजोगे उपायही आहेत. संथ फिरणाऱ्या इंजिनाच्या एक्झॉस्टच्या तोंडावर ओले फडके क्षणभर दाबले की सांध्यांतील गळती फुसफुसून स्वतःच सांगते. ठिणगी फार उशिरा पडत असेल, तर झडप उघडताना वायूचा दाब जास्त राहतो आणि आवाज वाढतो. ती वेळ संगणकावरून सुधारता येते. दोन सारख्या तोंडांपैकी एक पूर्ण गप्प केले तरी आवाज केवळ तीन डेसिबलने उतरतो, हे ठाऊक असले की निष्फळ खटपट वाचते.

विद्यार्थ्यांच्या कानांचा विचार मात्र क्वचितच होतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलचा आवाज दिवसाला १५ मिनिटांहून अधिक सोसू नये, आणि बंद कार्यशाळेत इंजिन तासन्‌तास फिरवले जाते. कानात बोळे घालणे हा तेथे शिस्तीचा भाग असायला हवा. शिवाय आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शैक्षणिक संस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद असून अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. अर्ध्या मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज मोकळ्या जागेत साडेसात मीटरवर जेमतेम ८६ पर्यंत उतरतो. वसतिगृहाच्या खिडक्या बहुधा त्याहून फार दूर नसतात.