हत्यारपेटीचे खण आणि आट्यांचा इतिहास : जुन्या मोटारींच्या जतनासंदर्भात एक विचार

प्रास्ताविक

मोटारीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कारखानदार, संशोधक, नवनवे नमुने आणि शर्यती यांच्याभोवती फिरत राहिले आहे. मोटार रस्त्यावर आल्यानंतर ती चालू ठेवणाऱ्या हातांचा आणि त्या हातांतील हत्यारांचा विचार त्यात क्वचितच आढळतो. 'क्लासिक' अथवा 'व्हिंटेज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्याला मात्र या विषयाला पहिल्याच दिवशी सामोरे जावे लागते. हत्यारपेटी कोणती घ्यावी, हा वरवर पाहता बाजारहाटाचा प्रश्न होय. पत्रा किती जाड आहे, खण किती आहेत, कुलूप कसे आहे, खाली चाके आहेत की नाहीत, एवढ्यावर तो संपतो असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः पेटीत किती खण असावेत आणि कोणत्या खणात काय ठेवावे, हे मोटारीच्या नटबोल्टांवरून ठरते. आणि ते नटबोल्ट कोणत्या मापाचे असावेत, हे त्या मोटारीच्या जन्मकाळच्या औद्योगिक आणि काही वेळा राजकीय घडामोडींनी ठरवलेले असते. प्रस्तुत निबंधात ब्रिटिश परंपरेतील मोटारी आणि त्यांचे भारतीय वंशज यांच्या आधारे या संबंधाचा शोध घेतला आहे.

गाडीतली पेटी आणि गॅरेजमधली पेटी

मोटारीच्या प्रारंभीच्या काळात हत्यारे गाडीसोबतच मिळत असत. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'बरोबर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि हवा भरण्याचा पंप दिला जाई. कारण रस्त्यात गाडी बंद पडणे हे गृहीतच धरलेले होते. पुढे ही हत्यारे गाडीच्या रचनेतच सामावली गेली. जग्वारच्या 'मार्क सेव्हन' या १९५० च्या नमुन्यात पुढच्या दारांच्या आतील बाजूस हत्यारांसाठी खास कप्पे केलेले होते, तर जर्मनीच्या हॅझेट कंपनीने फोक्सवॅगन बीटलसाठी जादा चाकाच्या मधल्या पोकळीत बसेल अशी गोल पेटी काढली होती. या पेट्यांत एकाच गाडीची, तिच्याच मापाची हत्यारे असत. त्यामुळे निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

गॅरेजमधील पेटीचा वंश वेगळा आहे. ती मोटारीच्या नव्हे, यंत्रशाळेच्या परंपरेतून आली. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन येथे १९०६ मध्ये सुरू झालेली गर्स्टनर ही संस्था आतून मऊ कापड लावलेल्या, अनेक उथळ खणांच्या लाकडी पेट्या बनवू लागली. त्या सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणांसाठी होत्या. त्याच राज्यातील व्हॅन वर्ट येथे १९११ मध्ये स्थापन झालेल्या केनेडी कंपनीने पुढे हीच कल्पना पोलादी पत्र्यात आणली. १९२० मध्ये मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन यांनी विल्यम सीडमन यांच्यासह 'स्नॅप-ऑन'ची स्थापना केली. पाच दांडे आणि त्यांवर बदलून बसवता येणारी दहा सॉकेट ही त्यांची कल्पना होती. म्हणजे पन्नास पान्यांचे काम पंधरा तुकड्यांत होऊ लागले. या बदलाचा पेटीवर झालेला परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. लांब पाने पेटीत आडवे टाकता येतात. लहान सॉकेट मात्र एकमेकांत मिसळतात आणि त्यांना ओळीने मांडावे लागते. उथळ आणि अनेक खणांची पेटी त्यामुळे गॅरेजची गरज बनली. आपल्याकडे अधिक परिचित असलेली, झाकण उघडताच दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे कप्पे पसरणारी पेटी उचलून नेण्यास सोयीची आहे. परंतु तिच्या तळाच्या कप्प्यात सर्व मापांची सरमिसळ होते. जुन्या मोटारीच्या बाबतीत ही सरमिसळ किती महाग पडते, हे कळण्यासाठी आट्यांच्या इतिहासाकडे वळावे लागेल.

तीन पाने, जवळपास एक माप

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंशांचा कोन असलेली एकसमान पद्धती मांडली. ब्रिटिश साम्राज्याबरोबर ती भारतातही आली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांची, करण्यास अधिक सोपी अशी पद्धती सुचवली. युरोप खंडात मेट्रिक आटे रुजले. अशा रीतीने एकाच कामासाठी तीन जगे तयार झाली.

यातील व्हिटवर्थ पान्याने नवशिक्याला फसवणे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकी पद्धतीच्या पान्यावर त्याच्या तोंडाचे माप कोरलेले असते; व्हिटवर्थ पान्यावर मात्र बोल्टच्या दांड्याचा व्यास कोरलेला असतो. परिणामी 'पाव इंच' अशी खूण असलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून मोठे, ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर असते. त्याच्या शेजारी अर्ध्या इंचाचा, आपल्या कारागिरांच्या भाषेत चार सुती, १२.७ मिलिमीटरचा पाना आणि १३ मिलिमीटरचा मेट्रिक पाना ठेवला, तर तिन्ही एकसारखेच भासतात. अंधाऱ्या गॅरेजमध्ये तेलकट हाताला तर तो फरक कळतच नाही. अर्ध्या इंची नटाला १३ मिलिमीटरचा पाना लागतो, थोडा हलतो आणि जोर दिला की नटाचे कोपरे झिजवून त्याला गोल करून टाकतो. पन्नास वर्षे गंजलेल्या नटाच्या बाबतीत हे पहिल्याच प्रयत्नात घडते.

या विभागणीची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर मोजावी लागली. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' हे विमानाचे इंजिन बनवण्यास घेतले, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची साधनेही स्वतःच तयार करावी लागली. युद्धानंतर, नोव्हेंबर १९४८ मध्ये, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांची 'युनिफाइड' पद्धती मान्य केली. ब्रिटिश मोटार कारखान्यांनी ती १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने स्वीकारली. त्यामुळे या दशकातील ब्रिटिश मोटार ही बहुधा संक्रमणकाळातील वस्तू असते. एकाच गाडीत दोन पद्धतींचे बोल्ट निघाले, तर ती नंतरच्या कारागिराची करामत आहे असे लगेच समजण्याचे कारण नाही.

मॉरिसचे चमत्कारिक बोल्ट

या संदर्भात मॉरिसच्या इंजिनाचे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. हॉचकिस ही शस्त्रास्त्रे बनवणारी फ्रेंच कंपनी. पहिल्या महायुद्धात पॅरिसजवळील आपला कारखाना धोक्यात येईल या भीतीने तिने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे मशीनगनचा कारखाना उभारला. त्यातील यंत्रसामग्री अर्थातच फ्रेंच, मेट्रिक मापांची होती. युद्ध संपले आणि बंदुकांची मागणी थांबली. याच सुमारास विल्यम मॉरिस यांना अमेरिकेतून मिळणारी इंजिने बंद झाल्याने ते इंजिनांच्या शोधात होते. हॉचकिसने त्यांच्यासाठी इंजिने बनवण्यास प्रारंभ केला आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी हा कारखानाच विकत घेतला. आटे पाडणारी यंत्रे बदलणे खर्चाचे होते; दुसरीकडे ब्रिटिश कारागिरांकडे मेट्रिक पाने नव्हते. यातून निघालेला मार्ग व्यवहारी आणि तितकाच चमत्कारिक होता. बोल्टचे आटे मेट्रिक ठेवण्यात आले आणि षट्कोनी माथा मात्र व्हिटवर्थच्या मापाचा करण्यात आला.

ही तडजोड तात्पुरती ठरली नाही. मॉरिसच्या 'टेन' (एम मालिका) या मोटारीसाठी बनलेल्या इंजिनातून एमजीच्या 'टी' मालिकेतील प्रसिद्ध एक्सपीएजी इंजिन विकसित झाले आणि १९५५ पर्यंत ते याच बोल्टांसह बनत राहिले. अशी एमजी उघडणाऱ्याला पाना व्हिटवर्थचा लागतो; आणि बोल्ट हरवला तर तो मेट्रिक शोधावा लागतो. तोही बाजारात सहज मिळणारा चालत नाही. आजच्या सर्वसाधारण ८ मिलिमीटर बोल्टमध्ये लगतच्या दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असते, या इंजिनात ते १ मिलिमीटर आहे. जोर करून बसवला की इंजिनातील आटे जातात. एका बंद पडलेल्या शस्त्रकारखान्याचा वारसा असा एकेका भोकात टिकून राहिला आहे, ही गोष्ट कागदोपत्री इतिहासापेक्षा पान्याच्या टोकाशी अधिक लवकर समजते.

भारतातील मिश्रण

हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ मध्ये झाली. तिची सुरुवातीची 'हिंदुस्थान टेन' ही मोटार मॉरिस टेनवर आधारलेली असल्याने कॉव्हेंट्रीचा हा वारसा भारतातही पोहोचला. पुढे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाडा येथे अॅम्बॅसडर बनू लागली, तोवर ब्रिटनमध्ये युनिफाइड पद्धती आली होती. म्हणून अॅम्बॅसडरच्या पेटीत इंची पाने लागतात. मात्र १९९० च्या दशकात याच गाडीत जपानी इसुझू रचनेचे इंजिन बसवले जाऊ लागले आणि ते मेट्रिक होते. २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत बाह्यतः जवळजवळ न बदललेली ही मोटार, त्यामुळे, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या इंजिनाची आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यासाठी हत्यारे निवडता येत नाहीत.

मुंबईचे चित्र याहून गुंतागुंतीचे होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडी येथे जुळणी सुरू केली होती. १९५४ मध्ये ती बंद झाली. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीज जीप आणली. या साऱ्या वाहनांना अमेरिकी इंची माप होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून तर क्रायस्लरच्या परवान्याखालील अमेरिकी मापाची वाहने आणि फियाटच्या परवान्याखालील मेट्रिक मापाच्या मोटारी, अशी दोन्ही बाहेर पडत होती. फियाट ११०० चे पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देश मेट्रिककडे वळला आणि १९५८ पासून ती मापे व्यवहारात येऊ लागली. गॅरेजमध्ये मात्र सूत आणि मिलिमीटर दीर्घकाळ शेजारी नांदले. स्वीडिश तंत्रसाहाय्याने उभ्या राहिलेल्या नाशिकच्या टपारियासारख्या कारखान्यांनी चांगले भारतीय पाने उपलब्ध केले. आजच्या दुकानात मात्र मेट्रिक संचच सर्रास मिळतो, इंची संच मागावा लागतो आणि व्हिटवर्थसाठी जुन्या बाजारात हिंडावे लागते. ज्या मिस्त्रींना नट पाहताच तो कोणत्या पद्धतीचा हे सांगता येत असे, त्यांची पिढीही आता निवृत्त होत चालली आहे.

निवडीचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर हत्यारपेटीची निवड करताना खणांची संख्या हा दिखाऊपणाचा मुद्दा राहत नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकातील ब्रिटिश मोटारीसाठी व्हिटवर्थ, इंची आणि मेट्रिक अशा तीन पद्धतींना तीन स्वतंत्र, शक्य तर वेगळ्या रंगांच्या खुणा केलेले खण हवेत. पद्मिनीसाठी एक पुरतो. जड हातोडे आणि दांडे खालच्या खणात हवेत, नाहीतर चाकांची पेटी वरचा खण ओढताच पुढे कलंडते. कोकणपट्टीच्या दमट हवेत खणाच्या तळाशी तेलाचा हात फिरवलेले कापड ठेवणे महागड्या रंगलेपापेक्षा उपयोगी ठरते. याउलट एकाच भव्य संचात शेकडो नग भरून विकल्या जाणाऱ्या पेट्या जुन्या मोटारीसाठी फारशा कामाच्या नाहीत. त्यांतील बहुसंख्य नग त्या गाडीला कधीच लागत नाहीत आणि जे लागतात तेच त्यांत नसतात.

आणखी एक खण मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा लागतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. हे मूळ स्वरूप सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत पाहिले जाते. बोल्ट कोणी तपासत नाही. आंतरराष्ट्रीय जुन्या मोटारींच्या महासंघाने स्वीकारलेली ट्यूरिन सनद मात्र जतनाच्या प्रत्येक कामाची नोंद ठेवण्यावर भर देते. चुकीच्या पान्याने गोल झालेला नट कापून टाकून त्या जागी मोठे भोक पाडून आजचा मेट्रिक बोल्ट बसवला, की गाडी चालते. परंतु ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या काळात बनली याचा एक पुरावा भंगारात जातो. म्हणून काढलेला प्रत्येक बोल्ट, तो कोठून निघाला हे लिहिलेल्या कागदी पुडीत घालून, त्या रिकाम्या खणात ठेवला जातो. हिंदुस्थान टेनच्या इंजिनाचा एखादा बोल्ट अशा पुडीत पडून असेल, तर त्याच्या माथ्यावर पाना लावून आणि आट्यांवर मापक टेकवून इंग्रज माथा व फ्रेंच आटे दोन्ही एका मिनिटात पडताळता येतात.