हरितलवकातील जनुक-अभिव्यक्ती आणि वनस्पती संप्रेरके

हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएवर असलेली जनुके केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत व्हावीत, यावर प्रकाशाप्रमाणेच वनस्पतीतील संप्रेरकांचेही नियंत्रण असते. सायटोकायनिने या जनुकांचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए तयार होणे) सामान्यतः वाढवतात, तर अ‍ॅब्सिसिक आम्ल ते बहुधा दडपते. हे नियंत्रण मुख्यतः अप्रत्यक्ष आहे. संप्रेरकाचा आदेश आधी पेशीकेंद्रकात जातो आणि केंद्रकातील जनुकांनी घडवलेली प्रथिने तो हरितलवकापर्यंत पोचवतात.

ही आडवाट हरितलवकाच्या इतिहासातून आली आहे. प्राचीन सायनोबॅक्टेरियापासून उत्क्रांत झालेल्या या लवकाने आपली बहुतेक जनुके केंद्रकाच्या स्वाधीन केली. भूवनस्पतींच्या हरितलवकात साधारण १०० ते १२० जनुके उरली आहेत. तंबाखू व मार्कँशिया या वनस्पतींच्या हरितलवकातील डीएनएचा संपूर्ण क्रम १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केला. लवकाला लागणारी प्रथिने मात्र हजारोंच्या घरात आहेत. रुबिस्को या विकराचा मोठा उपघटक हरितलवकात तयार होतो आणि लहान उपघटक केंद्रकातील जनुकावरून. दोन्हींचा मेळ बसला नाही तर विकर पुरे होत नाही.

हरितलवकात प्रतिलेखन करणारी आरएनए पॉलिमरेज विकरे दोन प्रकारची असतात. एक जिवाणूंच्या विकरासारखे असून त्याचे गाभ्याचे भाग लवकातच बनतात. दुसरे जिवाणुभक्षी विषाणूंच्या विकरासारखे असून ते संपूर्णपणे केंद्रकातून येते. पहिल्यालाही योग्य जनुकाच्या आरंभस्थानी बसण्यासाठी सिग्मा घटक लागतात आणि तेही केंद्रकातूनच येतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीत असे सहा घटक आहेत. संप्रेरकांना हस्तक्षेपाची जागा मिळते ती प्रामुख्याने इथे.

पान हिरवे ठेवण्याचा सायटोकायनिनांचा गुण बराच आधी लक्षात आला होता. कायनेटिन हे सायटोकायनिन १९५५ मध्ये ओळखले गेले आणि १९५७ मध्ये रिचमंड व लँग यांनी त्यामुळे तोडलेल्या पानांचे पिवळे पडणे लांबते हे दाखवले. लवकाच्या जनुकांवरील परिणाम २००८ मध्ये सातूच्या (जवाच्या) पानांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. नऊ दिवसांच्या रोपांची पाने तोडून किमान २४ तास उजेडात पाण्यावर ठेवली, की प्रतिलेखन मंदावत असे. त्यानंतर तीन तास सायटोकायनिन गटातील बेंझिल अ‍ॅडेनीन दिल्यावर अनेक जनुकांचे प्रतिलेखन पुन्हा वाढले. हा निष्कर्ष जपून वाचायला हवा. पाण्यावर ठेवलेल्या तोडलेल्या पानात ताणाच्या वेळी वाढणारे अ‍ॅब्सिसिक आम्ल प्रचंड साठते; म्हणजे सायटोकायनिन इथे निवांत पानावर नव्हे, तर ताणाखालच्या पानावर काम करत होते. पानाचे वय आणि उजेड यांनुसारही परिणाम बदलत होता.

अ‍ॅब्सिसिक आम्लाची क्रियापद्धती त्या मानाने अधिक उलगडली आहे. सातूच्या पानांत ते दोन्ही पॉलिमरेजांचे काम रोखते, आणि सोबत सायटोकायनिन दिले तर हा परिणाम सौम्य होतो. ‘पीएसबीडी’ हे जनुक मात्र याला अपवाद आहे. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रकाशप्रणाली-२ मधील डी-२ प्रथिनाची संहिता असलेले हे जनुक दडपले जात नाही. काही स्थितींत त्याच्या संदेशवाहक आरएनएची पातळी उलट वाढते. अरॅबिडॉप्सिसमधील अभ्यासांनी याची संगती लावली. अ‍ॅब्सिसिक आम्लाच्या संदेशवहनातून केंद्रकातील दोन प्रकारची जनुके जागी होतात. एका प्रकारातील विकरे ग्वानोसिन टेट्राफॉस्फेट बनवतात. जिवाणू उपासमारीत वापरतात तोच हा रेणू लवकातील प्रतिलेखन आवरतो. दुसऱ्या प्रकारातून पाचवा सिग्मा घटक मिळतो आणि तो ‘पीएसबीडी’ चालू ठेवतो. सतत झिजणाऱ्या प्रकाशप्रणालीच्या दुरुस्तीसाठी ही सोय असावी, असा तर्क करता येतो.

इतर संप्रेरकांची माहिती तुटक आहे. अरॅबिडॉप्सिसचे मूळ खोडापासून तोडून उजेडात ठेवले तर हिरवे होऊ लागते, कारण वरून येणाऱ्या ऑक्झिनचा अटकाव संपतो. ब्रॅसिनोस्टेरॉइड नीट न बनवणारी ‘डीईटी-२’ ही उत्परिवर्तित रोपे अंधारातही उजेडातल्यासारखी वाढतात व प्रकाशनियंत्रित जनुके चालू करतात, पण त्यांची लवके हरितलवके होत नाहीत. जनुक चालू होणे आणि लवक घडणे या वेगळ्या पायऱ्या आहेत, हे इतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडते. शिवाय लवकात संदेशवाहक आरएनए वाढला म्हणजे प्रथिनही त्याच प्रमाणात वाढते असे नाही. आरएनएची छाटणी, त्याचे स्थैर्य आणि प्रथिननिर्मितीचा वेग यांवर बरेच अवलंबून असते.

लवक केवळ आज्ञा घेणारे नाही. अ‍ॅब्सिसिक आम्ल, जिबरेलिने व जास्मोनिक आम्ल यांच्या निर्मितीच्या सुरुवातीच्या पायऱ्या लवकांतच पार पडतात. सायटोकायनिने बनवणारी काही विकरेही तिथेच असतात. त्यामुळे लवकाची अवस्था बिघडली, की त्याच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकांचा पुरवठाही बदलू शकतो.